अण्णांची गाडी आणि माझी बोटं

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. हाताला कापूस लावतो, जिथं लागेल तिथं बोट दाखवा, म्हणाले. मी आपला डोळे मिटून वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं म्हटलं, "साहेब, सुरू करा की."

"माझं करून झालं," ते म्हणाले.

मंग त्यांनी कोपरापाशी नस चाचपली. ती दोरीसारखी जाड झाल्ती. "लेप्रसी आहे." लेप्रसी म्हणजे कुष्ठरोग. लोक महारोग म्हणतात, तोच. तो कातडीत नि नसांत शिरतो, स्पर्श मारून टाकतो. मी जालन्यात मस्तगडला राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो. मला वाटलं, संपलं सगळं.

हातावर फिकट चट्टा दिसला की जे गजकर्ण म्हणून सोडून देतात, त्यांच्यासाठी हे लिहून राह्यलो. मी तेच केलं. वर आणखी एक शहाणपणा केला, तो सांगतो.

मला छोट्या मोटारसायकली जोडायचा नाद. आतेभाऊ जहाजावर नोकरीला, तो परदेशातून खोकं आणायचा. त्यात जुन्या मोटारसायकलीचे प्लास्टिकचे सुटे भाग असायचे, जोडले की वीतभर गाडी तयार. त्या वर्षी मी त्यातून अण्णांची गाडी करायला घेतल्ती. अण्णा म्हणजे माझे वडील. मंठ्याकडच्या खेड्यांत जुन्या मोटारसायकलवर फिरून ढोरांना औषधं द्यायचे. ते गेले, गाडी भंगारात गेली, एक फोटो तेवढा उरला. फोटो बघून मी टाकीला पोचा पाडला, मागं पत्र्याची औषधपेटी बसवली.

राहिल्या चाकांच्या तारा. खोक्यातल्या जाड, बिलकुल खोट्या. मंग प्लास्टिकची काडी दोन्ही हातांनी मेणबत्तीवर धरायची, नरम झाली का ते करंगळी लावून बघायचं, नि हळूच ओढायची. केसासारखी बारीक तार निघते. पहिल्यांदा करंगळी पोळायची. त्या उन्हाळ्यात पोळेनाशी झाली. मला वाटलं, हात तयार झाला! शाळेत बाकीच्या मास्तरांपुढं ज्योतीवर बोट धरून दाखवलं. वाहवा मिळाली. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात केला न्हाई.

माझी बायको सुमन, तिनं करंगळीवरचा फोड बघितला नि भडकली. "अहो, कातडं जळून राह्यलंय नि तुमाला कळंना? जल्दी डॉक्टरकडं चला." मी उलट तिलाच गप्प केलं. चार महिने गेले. बोटं वाकायला लागली, तेव्हा गेलो.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन स्मिअर घेतला, म्हणजे तिथला द्रव काचेवर पसरून जंतू बघतात. रिपोर्टला आठ दिवस. दवाखान्याच्या बाकावर मी शेजारच्यापासून सरकून बसायचो. तो बी माझ्यापासून सरकायचा.

जंतू दिसले न्हाईत. माझ्यापासून घरच्यांना भीती नव्हती. डॅप्सोनच्या गोळ्या काही वर्षं घ्या, रोग बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, बोटांचं काय?

"मेलेली नस गोळीनं उठत नाही. चार महिने आधी आला असता, तर वाचली असती."

तरी बी घरी येऊन मी माझं ताट-तांब्या वेगळं काढलं. सुमननं ते सगळ्या भांड्यांत घासून फळीवर लावलं. तेव्हा मी रडलो.

गाडी तशीच पडल्ती. माझ्या हातून तारा निघेनात, काडी निसटायची. एका रविवारी दुपारी सुमननंच मेणबत्ती पेटवली नि म्हणाली, "सांगा कसं करायचं ते." करंगळी लाव, म्हटलं. तिला चटका बसला, हात झटकन मागं गेला. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. दोन्ही चाकं तिनंच भरली, पाच-सहा रविवार लागले.

गोळ्या बरोबर चालू आहेत, चट्टा गेला. डॉक्टरांचे उपकार आहेतच. रोज सकाळी सुमन माझे हात उजेडात उलटेपालटे करून बघते, कुठं भाजलं, कुठं कापलं. तुम्हाला बी सांगतो, पोळणं थांबलं तर खूश होऊ नका.

गाडी पुरी झाली त्या दिवशी तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. पोचा, पेटी, तारा, सगळं अण्णांचं. डॉक्टरांनी लावल्ते तसे मी डोळे मिटले. हात रिकामा वाटला. घाबरून डोळे उघडले तर गाडी तिथंच होती, नि माझ्या हाताला खालून सुमननं हात दिल्ता. तो बी मला कळला न्हवता.