आयच्या डाव्या हाताची घंटी

वालीवच्या एका गाळ्यात मी लिफ्टची टच पॅनेल दुरुस्त करतो. दिवसभर काचेवर बोट ठेवायचं आणि आकडे बघायचे, हेच काम. त्यामुळे पक्षाघाताने आयची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हा भुईगावच्या घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताची बोटं तेवढी हलत होती, पण बटण दाबण्याइतकं बळ त्यांत नव्हतं. मी एका फळीला सनमायकाखाली तांब्याची पट्टी चिकटवली, फळी खाटेला डावीकडे बांधली आणि वायर स्वयंपाकघरातल्या घंटीपर्यंत नेली. बोट नुसतं टेकलं की घंटी. पहिल्या दिवशी आयने ती इतक्यांदा वाजवली की वहिनीलाही हसू आलं.

पुढे आय जरा सावरली आणि थोरल्या भावाचा फोन आला. तो फोन करतो तो तक्रारीसाठीच.

"तुझी घंटी खुळी झालीय. आय झोपलेली असते नि ही कोकलते. परवा आय ओली पडून होती, तेव्हा मात्र गप्प." मग जरा थांबून म्हणाला, "का आयचंच डोकं गेलंय, कोण जाणे. चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मी विचारून ठेवलंय."

हे शेवटचं त्याने सहज टाकलं, पण फोन त्यासाठीच होता. आश्रमाचं नाव निघालं की आय भिंतीकडे तोंड फिरवायची, हे त्यालाही दिसत होतं. मी तिला आचोळ्याला आणलं असतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टवाल्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हा विनोद सगळ्यांचा करून झालाय. माझ्या हातात एवढंच होतं: घंटी बिघडली आहे, आय नाही, हे दाखवून देणं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी पट्टीला लॅपटॉप जोडून तिच्या खाटेशी बसलो. आधी खाऱ्या वाऱ्यावर संशय घेतला, मग अ‍ॅडॅप्टरवर, मग अर्थिंगवर, मग लोखंडी खाटेवर. पट्टी पुसली, वायर बदलली, दर वेळी घंटी बंद करून पुन्हा चालू केली. डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी ती माझ्यासमोर एकदाही चुकली नाही.

"बघ, घंटी चांगली आहे," भाऊ म्हणाला. मग बिघाड कुठे, ते त्याला बोलावं लागलं नाही.

रागाने मी संध्याकाळच्या रोझरीपर्यंत तिथेच थांबलो. आय सावरल्यापासून रोझरीला तिची चाकांची खाट पुढच्या खोलीत वेदीसमोर न्यायचे. प्रार्थनेत घंटी नको म्हणून वहिनी प्लग काढायची. रोझरी संपली, खाट जागेवर आली. वहिनीने आयची बोटं एकेक करून सरळ केली, हात फळीवर नीट ठेवला आणि मग प्लग लावला.

हात पट्टीवर असूनही लॅपटॉपवर शून्य आलेलं पाहून मी कपाळाला हात लावला. पट्टीला माणूस कळत नाही, फक्त फरक कळतो. चालू होताना जे असेल त्याला ती रिकामं समजते. वहिनी आयचा हात ठेवून चालू करत होती, म्हणून पट्टीच्या लेखी तो हात म्हणजे कोणीच नाही. झोपेत हात घसरला की घंटी बोंबलायची. वहिनी धावत येऊन हात परत ठेवायची, घंटी गप्प. आणि आयला खरोखर काही हवं असलं, की ती जीव एकवटून पट्टीवर बोट टेकवून धरायची आणि कोणी येत नसे.

चालू करताना हात बाजूला ठेवा, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वहिनीला पुन्हा सांगितलं, तर तिचे डोळे भरून आले. "पण भावजी, प्लग लावेपर्यंत तिला काही लागलं तर? म्हणून हात आधी." तिच्यावर काय रागावणार?

पट्टी कायम चालू राहील आणि रोझरीला फक्त घंटी बंद करता येईल, असा वेगळा स्विच मी बसवला. आयने बोट टेकवलं, घंटी वाजली, उचललं, थांबली. मी भावाकडे विजयाने पाहिलं.

"म्हणजे आता वाजेल ती खरीच?" त्याने विचारलं.

"खरीच."

तो फळीकडे बघत म्हणाला, "आधी निदान म्हणता यायचं, उगाच वाजली असेल."

त्याच महिन्यात त्याने आयला आश्रमात ठेवलं. वहिनी रडली, पण नाही म्हणाली नाही. त्या दोघांचा मला राग आला, अजून येतो. फळी मी सोबत नेली होती, ती सिस्टरांनी परत दिली. एकीला घंटी दिली की सगळ्यांना द्यावी लागेल, म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

पुढच्या रविवारी भेटायला गेलो. "तुमची आय फार शांत आहे," सिस्टर कौतुकाने म्हणाल्या. "कधी काही मागत नाही."

आयने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा डावा हात पांघरुणाबाहेर होता. खाटेच्या लोखंडी दांड्यावर, फळी असायची त्या जागी, ती बोट टेकवत होती, उचलत होती आणि पुन्हा टेकवत होती.