पडलेल्याला उठवणाऱ्या आपा

आपांना कुणी पडलेलं बघवत नसे. ऑनलाइन खेळातला माणूस पडला तरी थोड्या वेळात शहराच्या वेशीवर पुन्हा जिवंत होतो आणि त्याच्या अंगावर ओरखडाही राहत नाही, हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. तरी समोरचा राक्षस इमारती फोडत असताना त्या मध्येच थांबायच्या, मागे फिरायच्या आणि पडलेल्याच्या शेजारी गुडघे टेकून बसायच्या. आम्ही वैतागायचो. "आपा, सोडा त्याला, येईल तो परत," म्हणायचो. हेडफोनमधून शांत आवाज यायचा, "येईल ना. पण एवढ्या लांबून चालत कशाला येईल? मी हाय की इथं."

आमचा खेळ सुपरहिरोंचा होता. पाच जणांचं पथक करायचं, प्रत्येकाने आपापली शक्ती घ्यायची आणि मोहिमेवर जायचं. कुणी मारतो, कुणी पुढे उभा राहून मार झेलतो, कुणी बाकीच्यांच्या जखमा भरतो. आपांनी जखमा भरण्याचं काम घेतलं होतं. खेळात प्रत्येकाला स्वतःला एक नाव द्यावं लागतं. पोरं वादळ, वणवा, काळ असली नावं घेतात. माझं नाव ‘घाटवीज’ होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. आपांनी नाव घेतलं होतं ‘मलमपट्टी’. मी एकदा म्हटलं, "आपा, सुपरहिरोचं नाव असं असतं का?" त्या म्हणाल्या, "काम तेच हाय ना माझं?"

त्यांची माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी असाच एका गल्लीत आडवा पडलो होतो आणि मराठीत शिव्या घालत होतो. सगळ्यांना ऐकू जाणारा माईक चालू आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, "हलू नको रं, आले मी." मी एकदम गप्प झालो. नंतर गावाची चौकशी झाली तेव्हा कळलं की त्या खालापूरजवळच्या चौक गावच्या. मी कर्जतचा, भिसेगावात राहतो. चौकात कुठं, तर जुन्या हायवेवर गॅरेजांच्या रांगेत जे मेडिकल आहे, ते त्यांचं. कामावर जातायेता त्या दुकानातून मी कितीदा तरी पित्ताच्या गोळ्या घेतल्या होत्या. चष्मा लावून, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून मगच पाकीट हातात देणाऱ्या बाई म्हणजेच ही मलमपट्टी, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पन्नाशीच्या बाईने असला खेळ का खेळावा, याचं उत्तर अनीस होता. अनीस त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा आपांनीच त्याला वाढवलं. तो मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. तो त्यांना आपा म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. शुक्रवारी त्याला सुट्टी, शुक्रवारी दुपारी आपांचं दुकान बंद, आणि आमच्या कंपनीलाही सुट्टी शुक्रवारचीच. त्यामुळे दुपारची नमाज आणि जेवणं झाली की आमचं पथक जमायचं. खेळात अनीस सगळ्यांत पुढे उभा राहून मार झेलायचा आणि आपा त्याच्या मागे राहून त्याला सावरायच्या. आपा एकदा मला म्हणाल्या, "फोनवर तो दोन वाक्यांत संपतो. जेवलास का, जेवलो. बरा हायस का, बरा हाय. मग ठेवू का म्हणतो. इथं मारामारी चालू असली की बोलतो. साहेब काय म्हणाला, खोलीतल्या पोराचं लग्न ठरलं, बायकोशी काय बिनसलं, सगळं बोलतो." आम्ही इतर जण त्या बोलण्यात सहसा तोंड घालत नसू.

आपांची दुसरी सवय वाचण्याची. प्रत्येक शक्तीखाली ती नेमकी काय करते हे लिहिलेलं असतं. आम्ही कुणी ते कधी वाचलं नव्हतं. आपा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि मग तसं होतं की नाही ते करून बघायच्या. मी वर्षभर वीज वाटेल तशी फेकत होतो. त्यांनी मला थांबवून सांगितलं, "तुझी वीज भिजलेल्याला जास्त लागते, असं लिहिलंय. आधी अनीसला ती पाण्याची टाकी फोडू दे, मग टाक." मी तसं केलं आणि इतके दिवस आपण काय करत होतो याची मला लाज वाटली. पण त्यांच्याबरोबर खेळणं म्हणजे डोक्याला तापही होता. मोहीम रंगात आलेली असताना त्या म्हणायच्या, "थांबा जरा, हे लिहिलंय तसं होत नाय." मग आम्ही थांबायचो.

मागच्या वर्षी खेळात मोठा बदल आला आणि सगळं बिनसलं. आपांकडे एक कवच होतं. पडलेल्याला उठवताना चार-पाच सेकंद लागतात, तेवढा वेळ ते कवच दोघांनाही झाकायचं. बदलानंतरही वर्णनात तेच लिहिलं होतं, की उठवताना कवच कायम राहील. प्रत्यक्षात आपांनी गुडघे टेकले की कवच विझायचं, आणि पडलेल्याच्या शेजारी त्याही पडायच्या. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांना आपलीच चूक वाटली. पुन्हा झालं. मग त्या म्हणाल्या, "लिहिलंय एक आणि होतंय एक."

एका शुक्रवारी मोहीम सोडून त्यांनी आम्हाला कामाला लावलं. मी आणि माझा चुलतभाऊ सचिन आळीपाळीने एका किरकोळ गुंडाकडून मार खाऊन पडायचो आणि आपा आम्हाला उठवायच्या. एकदा जवळून, एकदा लांबून, एकदा कवच आधी लावून, एकदा नंतर. अख्खी दुपार गेली. सचिन वैतागून म्हणाला, "आपा, मी मार खायला खेळत नाही." आपा म्हणाल्या, "एवढंच, आणखी एकदा पड." या सगळ्याचं चित्रण करून त्यांनी ते खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर टाकलं. खाली साध्या भाषेत लिहिलं, की कुठे काय चुकतं आहे.

त्यावर जी उत्तरं आली ती वाचून माझं डोकं फिरलं. कुणी म्हणे, नीट खेळायला शिका. कुणी म्हणे, उठवताच कशाला, मरू द्या त्याला. कुणी म्हणे, काकू, घरी जा आणि स्वयंपाक करा. खेळ बनवणाऱ्या कंपनीकडून एकच ओळ यायची, की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आपांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच ओळ आली. मी म्हटलं, "आपा, तिथं माणूस नाही, यंत्र उत्तर देतंय. सोडून द्या." त्या म्हणाल्या, "यंत्राच्या मागं माणूस असेलच ना कधीतरी." मला त्यांचा राग आला. कंपनीचा यायला हवा होता, पण कंपनी हाताशी नव्हती आणि आपा होत्या.

त्याच बदलात आणखी एक गोष्ट आली होती. मोहीम लवकर संपवली तर जादा बक्षीस. सचिन भिसेगावात जागांची दलाली करतो, त्याला सगळ्याचीच घाई असते. तो म्हणू लागला, "दादा, आपा थांबतात म्हणून आपलं बक्षीस जातं. पडला त्याला पडू दे ना." मी त्याच्याशी भांडायचो. म्हणायचो, हा खेळ आहे, रेस नाही. तो म्हणायचा, "आता रेसच केलीय त्यांनी. नियम बदललाय, मी काय करू?" आणि ते खरं होतं, म्हणून मी जास्त चिडायचो. आपा यावर काही बोलायच्या नाहीत. अनीसही बोलायचा नाही. पण अलीकडे तो मार झेलत उभा राहायचं सोडून मारायलाच पुढे पळायचा आणि त्यांचं दोघांचं बोलणं कमी होत चाललं होतं, हे मला जाणवत होतं.

मग एका शुक्रवारी त्या हंगामाची सगळ्यात मोठी मोहीम लागली. आम्ही चौघे आणि पाचवा कुणीतरी अनोळखी. मोहीम झकास चालली होती. शेवटचा राक्षस अर्धा संपला होता, वेळही हातात होता. तेवढ्यात तो अनोळखी पडला. सचिन म्हणाला, "आपा, पुढं चला, पुढं." आपा थांबल्या. "आले रं, हलू नको," असं त्या परक्या माणसाला मराठीतच म्हणाल्या. त्याला कळलं असेल की नाही, कोण जाणे. गुडघे टेकले, कवच विझलं आणि त्याही पडल्या. आम्ही तिघे कसेबसे टिकून होतो.

खेळात पथकातल्या माणसाला मताने बाहेर काढता येतं. ज्याला काढायचं तो सोडून उरलेल्या चौघांपैकी तिघांनी हो म्हटलं की तो बाहेर. कुणी काय मत दिलं ते दिसत नाही. माझ्या पडद्यावर प्रश्न आला, ‘मलमपट्टी’ला काढायचं का. मी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं म्हणजे प्रश्न मिटला, असंच मला वाटलं होतं. दोन क्षणांत आपांचं नाव यादीतून गेलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. त्यांच्या जागी खेळाने कुणी दुसरा मारणारा आणून उभा केला. मोहीम वेळेत संपली, बक्षीस मिळालं. अनीस फक्त "चला, ठेवतो," म्हणाला आणि गेला.

मी सरळ सचिनच्या घरी गेलो. तो लपवणाऱ्यांतला नाही. "हो, मी दिलं मत," म्हणाला. "तूही द्यायला हवं होतंस. एका मोहिमेपुरतं तर होतं." मी म्हटलं, "ज्याला त्या उठवायला बसल्या त्यानेही दिलं असणार." तो म्हणाला, "असणार." मग आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण तीन मतं लागतात आणि तिसरं कुणाचं हे आता सांगायची गरज उरली नव्हती. त्याच्या आईने चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. त्यानंतर बरेच दिवस मी सचिनशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आपांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तू मत दिलंस का रं काढायचं?" मी पटकन म्हणालो, "नाही आपा, शपथ. मी नाही दिलं." त्या म्हणाल्या, "बरं." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय सांगून बसलो. आपा हिशेबाला कच्च्या नव्हत्या. त्यानंतर त्या खेळात आल्या नाहीत. शुक्रवारी मी एकटाच वेशीवर घुटमळायचो, अनीसचं नाव कधी दिसायचं, कधी नाही. तोही मग यायचा थांबला.

चार-सहा महिन्यांनी खेळात पुन्हा बदल आला. लांबलचक यादीत खाली कुठेतरी एक ओळ होती, की साथीदाराला उठवताना कवच नाहीसं होण्याची चूक दुरुस्त केली आहे. आपांचं नाव नाही, माफी नाही, काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण एवढ्या एका ओळीसाठी या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागलं आणि काय गमवावं लागलं, ते आठवून माझा जीव जळला. मी बाइक काढली आणि चौकला गेलो.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आपा काउंटरच्या मागे बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आता कवच राहतं?"

"राहतं."

"दोघांवर? का फक्त उठवणाऱ्यावर?"

"दोघांवर. मी बघून आलोय."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. मी म्हटलं, "मग या ना परत. सचिनशी मी बोलतो." त्या म्हणाल्या, "नको. आता नको." मी अनीसबद्दल विचारलं. तो रोज फोन करतो, म्हणाल्या. जेवलास का, जेवलो. पुढच्या आठवड्यात रजेवर येतोय, महिनाभर.

"त्याला त्या मताचं कधी विचारलंत?" मी विचारलं.

"नाय. विचारलं तर खरं सांगेल तो. लहानपणापासून खोटं बोलता येत नाय त्याला." त्यांनी काउंटरवर उगाच पुसल्यासारखा हात फिरवला. "एक बोलू? तुला वाईट वाटेल. त्या दिवशी फोनवर तू मला खोटं सांगितलंस, असं मी धरून चाललेय."

बाहेर एक टेंपो शिट्टी वाजवत रिव्हर्स येत होता. मी म्हणालो, "हो आपा. मत मीच दिलं होतं."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मग उठून फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "पुढच्या शुक्रवारी जेवायला ये. अनीस असेल. सांदणं करणार हाय मी. आणि सचिनला पण घेऊन ये, किती दिवस रुसून बसणार हायस त्याच्यावर?"