लिहिलेली चाल

कवळ्या बनवणाऱ्याचं वय तेव्हा बावन्न. डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, कवळी घासूनपुसून परत पाठवायची. दिवसभर तोंडं दुसऱ्यांची. स्वतःचं तो फारसं उघडत नसे.

बुद्धिबळ मात्र तो पोस्टकार्डावर खेळायचा. समोर हवामान खात्यातल्या एक बाई, दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब. भेट कधी झालेली नाही. कार्डावर एक चाल, तारीख, आणि बाईंकडून कधीमधी पावसाचा अंदाज, तोही बहुधा चुकलेला.

त्या डावात त्याने मधली प्यादी हलवलीच नाहीत. उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि बाजूबाजूने वेढा घालत राहिला. दीड वर्षाने बाईंचा राजा कोंडीत सापडला. एका घोड्याचं काम उरलं होतं.

ते कार्ड त्याने घाईत लिहिलं. पटावर घोडा सहाव्या रांगेत ठेवला. कार्डावर सहाऐवजी चार पडला.

बाईंचं उत्तर आलं: ‘घोडा मागे? नजरचूक असेल तर कळवा, चाल बदलून घ्या.’

दारात कार्ड आधी बायकोनेच वाचलं. “अहो, मग घोडं कुठं अडलंय? घ्या की बदलून.”

“लिहिलं ते लिहिलं.”

“बाईंना चालतंय ना?”

“मला नाही चालत.”

“पाय तुमचा, धोंडाही तुमचा!” म्हणून ती आत गेली.

त्या दिवशी त्याने एक दात जास्तच घासला. सबंध कवळी पुन्हा करावी लागली.

पुढे एक प्यादं गेलं. चौदा महिने तो नुसता बचाव करत होता. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरला. बाईंचं जास्तीचं प्यादं काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी लिहिलं: ‘बरोबरी मान्य आहे का? तुम्ही चाल बदलली असती, तर मी डाव सोडणार होते. तसं कार्डही लिहून ठेवलं होतं.’

त्याला आधी हळहळ वाटली. मग त्याने ‘मान्य’ लिहिलं, आणि खाली एक ओळ वाढवली: ‘ते कार्ड पाठवाल का?’

आठ दिवसांनी ते पाकिटातून आलं. जुनी तारीख, दोनच शब्द: ‘डाव सोडते.’

“म्हणजे जिंकलातच की!” बायको म्हणाली.

“छे. यावर पोस्टाचा शिक्का कुठंय?” तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ एकटाच हसत बसला.