आर्मीचा माल

जीपच्या बॉनेटवर दोन टिचक्या मारायच्या, मान तिरकी करून कान द्यायचा आणि म्हणायचं, "चालशे!" गुजरातीत याचा अर्थ 'चालेल' असाही होतो आणि 'भागेल' असाही. काकांच्या जीपचं बहुतेक दुसऱ्या अर्थावरच निभावत होतं.

बडोद्यात विद्यापीठामागच्या आमच्या सोसायटीत ते शेजारी राहत. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच, की रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप लिलावात घेतली. ती दारात आली त्या दिवसापासून काका खाकी हाफपँट घालू लागले आणि दूधवाल्याला 'जवान' म्हणू लागले. तुमच्याही गल्लीत असा एखादा सेनापती असेलच. आमच्या सेनापतीला लिलावात रणगाडा मिळाला नाही, ही देवाची कृपा.

जुन्या मिलिटरी गाडीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. काका रविवारी छाणीच्या भंगारवाल्यांकडे जात आणि कधी ट्रकचा, कधी ट्रॅक्टरचा, एकदा तर पिठाच्या गिरणीचा भाग घेऊन येत. तो घासून, कापून, ठोकून जीपमध्ये बसवत.

"आर्मीचा माल आहे, काहीही पचवतो," ते अभिमानाने सांगत.

मग जीप एक उचकी देई, सोसायटीभरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा धूर सोडी आणि शांत होई. बाल्कनीतून काकू विचारत, "शत्रू पळाला का हो?"

काकूंना दमा होता. त्या धुराने तो बरा होत असावा, असं काकांना वाटे की काय, कोण जाणे. "आमच्या घरात हवा आधी तिला," काकू जीपकडे बोट दाखवून म्हणत. "टायरमध्ये भरून उरली, तर मला."

एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि नेमक्या त्याच दुपारी काकूंना श्वास घेववेना. दम्याचा पंप मारूनही आराम पडेना. ओठ निळसर दिसू लागले. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, पाणी उतरलं की येतो. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने हात जोडले, "नहि जवाय, भाई."

काका जीपमध्ये बसले. इंजिन चक्क पहिल्या झटक्यात सुरू झालं. पण गिअरबॉक्स त्यांनी आदल्याच दिवशी खोलून पुन्हा लावला होता. आता पुढचा एकही गिअर पडेना. रिव्हर्स तेवढा पडला.

"बसा," काका म्हणाले.

सयाजीगंजातल्या हॉस्पिटलपर्यंत आम्ही उलटे गेलो. मी मागच्या टोकाला उभा राहून रस्ता दाखवत होतो. "डावीकडे, काका! माझ्या नाही, तुमच्या!" गुडघाभर पाण्यात उभे असलेले लोक टाळ्या पिटत होते. काकांची मान मागे वळलेली, एक हात स्टीअरिंगवर आणि दुसरा शेजारी बसलेल्या काकूंच्या पाठीवर. दोन्ही हातांनी चालवा म्हणून मी ओरडलो, तरी त्यांनी तो काढला नाही. "दम धर गं, आलंच," एवढंच पुटपुटत होते. त्या दिवशी कोणी जवान नव्हतं, कोणी शत्रू नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी बाजूला करून काकू पहिलं वाक्य बोलल्या, "माघार घेत घेत का होईना, पोचवलंत."

काका हसले. मग बाहेर व्हरांड्यात येऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

काही वर्षांनी काकाच आधी गेले, झोपेत. जीप दारात तशीच उभी राहिली. एकदा जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ अहमदाबादेहून आले. पांढरे बूट, काळा चष्मा. "आंटी, मला द्या ही. राणीसारखी ठेवीन."

"आधी चालू करून दाखवा," काकू म्हणाल्या.

गृहस्थ दिवसभर जीपखाली होते. संध्याकाळी इंजिन धडधडलं. काकू पदर खोचून बाजूच्या सीटवर चढल्या. "मारा एक चक्कर." गृहस्थांनी सोसायटीला फेरी मारून आणली. काकूंनी उतरून किल्ली काढून घेतली आणि त्यांना आल्याचा चहा पाजला.

"छान दुरुस्त केलीत हं," त्या म्हणाल्या. "आवजो, या आता."

काळे झालेले बूट घेऊन गृहस्थ गेटबाहेर पडेपर्यंत काकू हसत उभ्या होत्या. मग परत जीपमध्ये जाऊन बसल्या. बाजूच्याच सीटवर, ड्रायव्हरची जागा मोकळी ठेवून.