उचललेलं रडणं

इंझोरीच्या उकंडरावची राखी पडद्यावर रडली, की पाहणाऱ्यालाही रडू येतं. वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात तिनं बारा हंगाम काढले, सिनेमे तीन केले. तिन्ही सिनेमांत ती कोणाची तरी माय झाली अन् तिन्हींत तिचं पोरगं मेलं. पोस्टरवर नाव 'राखी वाशीमकर'. गावात मात्र अजून 'उकंड्याची पोट्टी'.

तिचं नाव झालं ते एका वाक्यावर. मेलेल्या लेकराजवळ बसून ती म्हणते, "एका चपलेनं कसा गेला रे राजा, तुया पाय पोळन रे." हे ऐकून वडशाच्या मांडवात मोठमोठी बाप्पेमाणसं दुपट्ट्यानं डोळे पुसत.

हे बोल तिचे नव्हते.

आमच्याकडे माणूस मेलं, की बाया नुसत्या रडत नाहीत, बोल लावून रडतात. मेलेल्याचं खाणं, रुसणं, कुठं ठेच लागली होती, सारं त्या रडण्यात येतं. भेटीला आलेल्या बाईनं गल्लीच्या वळणावरच सूर धरायचा अन् घरच्या बाईनं दारात तिच्या गळ्यात पडायचं. ज्याचं गेलं त्याचे ते बोल. ते उचलावेत असं कोणाच्या मनात येत नाही. येणार कसं, ते काय लुगडं आहे?

उकंडरावच्या भिंतीला लागून रामीबाईचं घर. तिचा हरीओम अकरा वर्षांचा असताना शेततळ्यात पडला. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवरून पाय घसरला, वर येता आलं नाही. काठावर एक चप्पल सापडली, दुसरी सापडलीच नाही. चैताचं ऊन होतं. ती एक चप्पल छातीशी धरून रामीबाईनं तीन दिवस तेच बोल लावले. राखी तेव्हा सोळा वर्षांची. तिच्याजवळ बसून तिला घोट-घोट पाणी पाजायची.

पुढं तीन वर्षांनी राखी वडशाच्या नाटक कंपनीत गेली. पहिल्याच तालमीत दिग्दर्शक म्हणाला, "बाई, तुझं रडणं नकली आहे." राखीनं डोळे मिटले अन् तोंडातून रामीबाई निघाली. दिग्दर्शकानं तेच बोल नाटकात ठेवले. राखीला वाटलं, वडसा कुठी, इंझोरी कुठी. रामीकाकू थोडीच नाटक पाहायला येते?

इथवर एकवेळ चूक म्हणू. पण तेच बोल घेऊन सिनेमा चालला तेव्हा मोबाईलवाल्या एका चॅनलनं तिची मुलाखत घेतली. विचारलं, "हा डायलॉग कोणी लिहिला?" राखी हसून म्हणाली, "कोणी नाही. मला आपोआप सुचला."

ती मुलाखत रामीबाईच्या मोठ्या पोराची बायको निकिता हिनं सासूला दाखवली. रामीबाईनं दोनदा पाहिली. मग म्हणाली, "बंद कर."

राखीला हे तिच्या मायनं, प्रयागबाईनं, फोनवर सांगितलं. तिथून दीड वर्ष राखी गावाकडे फिरकली नाही. शूटिंग आहे म्हणायची. शूटिंग नसायचं.

मग प्रयागबाईच वारली.

राखी आली तेव्हा ओसरी बायांनी भरलेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून दारात रामीबाईच उभी. सिनेमावाली कसे बोल लावते, हे पाहायला साऱ्या माना लांब झालेल्या. राखीनं तोंड उघडलं. 'माय व' एवढं ओठाशी आलं अन् तिला कळलं, हा सूर रामीबाईचा, हुंदका जिथं तोडायचा ती जागाही रामीबाईचीच. आपलं असं काही गळ्यात उरलंच नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

"पाह्य व," गल्लीतली हिरीबाई शेजारणीला म्हणाली, "लोकाच्या पोट्ट्यासाठी बादलीभर रडते अन् मायसाठी एक थेंब नाही."

रामीबाई गळ्यात पडली, पण तीही मुकीच. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली शेजारीण गेली अन् तिच्या तोंडून एक बोल नाही.

तेरवी झाल्यावर राखी भिंतीपलीकडे गेली. रामीबाई तूर पाखडत होती.

"काकू, तू मायसाठी काहून नाही रडली?"

"कशी रडू? मांगं पोराच्या तिथीले बोल लावले, त गल्लीतल्या पोट्ट्या म्हणे, आजी सिनेमातलं म्हणून राह्यली." रामीबाईनं सुपातला खडा वेचून फेकला. "आता तोंड उघडाचीच लाज वाटते. चोरी तू केली अन् लाज मले. कसं व हे?"

राखीला वर पाहता येईना. "मी चारचौघात सांगतो काकू. थे बोल तुये हायेत म्हणून."

"सांग बाई. लोकाइपुढं बोलाची त तुले सवयच हाय."

नवरात्रात वाशीमकडच्या मालेगावच्या मंडळानं तिचं नाटक ठेवलं. मेलेल्या पोराचा प्रवेश आला. राखी त्याच्याजवळ बसली अन् बसूनच राहिली. मागून लोक ओरडायला लागले, "चप्पल, चप्पल." ती उठून पुढं आली.

"थे बोल माहे नाहीत," ती म्हणाली. "इंझोरीच्या रामीबाईचे हायेत. तिचा हरीओम शेततळ्यात गेला, तवाचे. तिले पाणी पाजता पाजता मी थे पाठ केले अन् माहे म्हणून खपोले. मी चोरटी हाव."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मायच्या वेळी न आलेलं रडू तिथं आलं.

मग टाळ्या. पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. मंडळाचे फुलचंदशेठ, कापडवाले, पडद्यामागं येऊन म्हणाले, "राखीबाई, नवा सीन जबरदस्त. चपलेपेक्षा भारी. पुढंही हाच ठेवा."

"शेठ, थो सीन नव्हता."

"थेच त म्हणून राह्यलो मी. सीन वाटलाच नाही."

सकाळच्या एसटीनं राखी इंझोरीत उतरली. रामीबाईच्या हातात सूपच, या खेपेला सोयाबीन.

"सांगतलं काकू. पण लोकाइनं टाळ्या वाजोल्या."

"मंग काय करतीन? तिकीट काढून आलते थे."

राखी उंबऱ्याशी बसली. सूप खाली न ठेवता रामीबाई म्हणाली, "साऱ्या मालेगावले सांगून आली. मले कुठी सांगतलं?"

राखी सांगू लागली. मांडवात जे सलग आलं, ते इथं येईना. "मी" म्हणाली, थांबली. "काकू, मी तुये बोल" म्हणाली, पुन्हा थांबली. पाढे विसरलेल्या पोरीसारखी पदराशी चाळा करत राहिली. मुलाखतीपाशी आली तिथं पार अडली. रामीबाईनं मदत केली नाही, पाखडणंही थांबवलं नाही.

शेवटी तिनंच विचारलं, "आपोआप सुचलं, असं म्हणली का नाही तू?"

"म्हणली."

"आता मले सांगतलं," म्हणत रामीबाईनं सूप झटकलं अन् पोत्यातून पुन्हा भरून घेतलं.