भिंतीकडे तोंड केलेलं कॅलेंडर

सुवार्ता लोखंडेला संशय घ्यायचाच पगार मिळतो, असं तिचा नवरा योनाथान म्हणतो, आणि ते अगदीच खोटं नाही. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये ती द्राक्षं तपासते. घड उजेडाकडे धरायचा, फिरवायचा, आत लपलेला सडका मणी कात्रीने उडवायचा. अशी बाई संध्याकाळी नाशिकला, शरणपूरच्या आपल्या दोन खोल्यांत परतते तेव्हा डोळे काही पॅकहाऊसमध्ये ठेवून येत नाही.

तिची लेक तबिथा साडेचार वर्षांची, आणि या एवढ्याशा पोरीवरून सल्ले देणारे गावभर. सासूबाई म्हणायच्या, छडी हाताशी ठेव. मोबाईलवरच्या एक बाई, ज्यांना स्वतःला मूल आहे की नाही देव जाणे, म्हणायच्या की मुलांना 'नाही' म्हणूच नका. चर्चच्या महिला मंडळातल्या मनीषाताईंचं म्हणणं, पाच वर्षांच्या आत देवाचं भय रुजलं नाही तर पुढे रुजत नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे सुवार्ताला ठाऊक होतं. पण हे शेवटचं तिच्या मनाला चिकटलं. तिच्या सख्ख्या भावाने विशीत चर्चची पायरी सोडली, ती आजतागायत. लेकीचंही तसंच झालं तर? या एका धास्तीने तिचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून तिने तबिथाला बजावून ठेवलं, "मी घरी नसले तरी येशू सगळं बघतो. आणि मला सांगतो."

तेव्हापासून पोरगी गाईसारखी गरीब झाली. सुवार्ताला वाटलं, जमलं बाई आपल्याला.

मग एका सोमवारी स्वयंपाकघरातलं चर्चचं कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून लटकलेलं दिसलं. त्यावर कोकरू खांद्यावर घेतलेला येशू होता. तिने ते सरळ केलं. बुधवारी पुन्हा तेच. वारा म्हणावा तर खिडकी बंद. शुक्रवारी तिसऱ्यांदा तसंच दिसलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. लताबाई!

लताबाई म्हणजे शेजारीण, मूळची इगतपुरीकडची. सुवार्ता आणि योनाथान कामावर गेले की तीच त्यांच्या घरी येऊन तबिथाला सांभाळायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, घरात वणीच्या देवीचा मोठा फोटो. चार वर्षांत तिने पोरीला एकदाही उपाशी ठेवलं नव्हतं, पण संशयाच्या पुढे असल्या गोष्टींचं काय चालतं? बाईला आमचा येशू डोळ्यांसमोर नको असणार, असं सुवार्ताने ठरवूनच टाकलं.

"आणखी काय काय शिकवत असेल तबिथाला, कुणास ठाऊक," ती योनाथानला म्हणाली.

"अगं, आजीसारखी माया करतात त्या तिच्यावर."

"तेच तर!"

पुढच्या मंगळवारी अर्धी रजा टाकून, कुणाला न कळवता ती भरदुपारी घरी आली. लताबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सुवार्ताने चपलाही काढल्या नाहीत.

"लताबाई, आमचं कॅलेंडर रोज कोण उलटं करतं?"

लताबाईचा हात ताटातच थांबला. "मला काय इचारता? मी नाय हात लावत. उलट येता-जाता हात जोडते त्याला. तुमची पोरगीच म्हनली, आजी, हात जोड, तो लय चांगला हाय."

"मग काय, आपोआप फिरतं ते?"

"चार वर्सं झाली, बाई." लताबाई म्हणाली. "येवढा संशव हाय, तर उद्यापासून पोरगी दुसरीकडं ठेवा." ती ताट घेऊन उठली.

तेवढ्यात आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. दोघींनी आत डोकावलं. तबिथा प्लॅस्टिकच्या स्टुलावर चवड्यांवर उभी राहून दोन्ही हातांनी कॅलेंडर फिरवत होती. खाली फरशी ओली, आणि गॅसच्या टाकीमागे बोळा करून कोंबलेली ओली चड्डी. आईला बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

सुवार्ताचा राग जागच्या जागी गळाला. ती स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली. "शू झाली म्हणून फिरवलंस? येशूची भीती वाटते तुला?"

तबिथाने मान हलवली. नाही.

"मग काय झालं, बाळा?"

"तो रागवत नाही," तबिथा हळूच म्हणाली. "पण तो तुला सांगतो ना."

सुवार्ताला लाज वाटली, रडू आलं. तिने दोन्ही हात पुढे केले. "ये."

तबिथा हलली नाही. जाऊ का, असं विचारल्यासारखी ती दारातल्या लताबाईकडे बघत राहिली.