माझ्या तळपायाची नवी कातडी

"डायबेटिक फूट अल्सर," अकोल्याचे सर्जन म्हणाले. म्हणजे मधुमेहाने पायाला झालेली, भरता न भरणारी जखम. "गुरुजी, पाय वाचेल की नाही, आज सांगता येत नाही."

मी अमरावतीत भिक्षुकी करतो. होमातला निखारा तळपायाखाली आला आणि मला कळलंच नाही. न्यूरोपॅथी, म्हणजे नसा बधिर होणं. घरात वास सुटला तेव्हा उंदीर मेला समजून बायकोने अख्खा माळा उपसला. वास माझ्या पायाचा होता. ज्या पायांना लोक वाकून हात लावतात, ते हे पाय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला मधुमेह असेल तर लाजू नका, रोज तळपाय घरच्यांना दाखवा.

मलमपट्ट्या करून थकलो. तेव्हा सर्जनांनी एक प्रयोग सुचवला. त्यात तिघे मिळून काम करत होते. जनावरांचे डॉक्टर बकरीच्या मूत्राशयाचा पडदा काढून देत. अमरावतीच्या प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी धुऊन टाकत. उरलेली जाळी सर्जन जखमेवर बसवत. तिला स्कॅफोल्ड म्हणतात. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो ना, तसा आपल्या पेशींना चढायला दिलेला मांडव.

बकरी! त्यातही मूत्राशय! घरी विचारून सांगतो म्हणालो. बायको बाहेर बाकावरच बसली होती. "पाय ठेवायचा की सोवळं, ते ठरवा आता," ती म्हणाली. मी सही केली, पण कुणाला सांगायचं नाही या अटीवर.

पट्टी सोडायच्या दिवशी सगळी मंडळी खाटेभोवती जमली. प्रयोगशाळेतल्या मॅडम पायाशी वाकल्या. सवयीने माझा हात वर गेला, "अखंड सौभाग्यवती भव!"

"गुरुजी, मी जखम पाहून राहिली," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. जखमेच्या कडेने मात्र गुलाबी कातडी धरली होती.

जखम पुरती भरल्यावर तपासणीला गेलो, तर सर्जन मला एका आजींकडे घेऊन गेले. मोर्शीकडच्या, फुलं विकणाऱ्या. जखम माझ्यासारखीच, पण बकरीचं नाव काढताच त्या नाही म्हणून बसल्या होत्या. "तुमचं ऐकतील," सर्जन हळूच म्हणाले, "पण तुमची अट मला आठवते. नको असेल तर राहू द्या."

मी आजींसमोर बसलो. मग मोजा काढला.

आजींनी पाय निरखून पाहिला. "तुमाले बी बकरीचंच लावलं? मंग देवघरात जाता का तुमी?"

जात नव्हतो. पाय दुखतो असं सांगून मी उंबऱ्याबाहेरच बसायचो, पूजा बायको करायची.

"नाही," मी म्हणालो. "लाज वाटते."

"पाय वाचवला बकरीनं, अन् लाज बी तिचीच धरता?" त्यांनी सर्जनकडे मान वळवली. "डाक्टरसाहेब, मले लावा."

संध्याकाळी घरी येऊन अंघोळ केली आणि देवघरात गेलो. एवढे मंत्र पाठ, पण एकही ओठावर येईना. शेवटी त्या बकरीसाठी हात जोडले.